वाचकांचे प्रश्न : अवरक्त विजेरीला ड्रायव्हर कोणता लावावा?

या महिन्याच्या टपालात तीन पत्रे एकाच विषयाची आली. तिन्ही वाचकांनी डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाची विजेरी घरी बनवायला घेतली आहे आणि तिघेही ड्रायव्हर सर्किटपाशी, म्हणजे एलईडीला बेताचा प्रवाह पुरवणाऱ्या सर्किटपाशी, अडखळले आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर नीट वाचले, तर इतर दोघांची अर्धी शंका तिथेच फिटेल. म्हणून त्याला या वेळी जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षक असून रत्नागिरी जिल्ह्यात आमच्या जुन्या कौलारू घरात राहतो. आमच्या पोटमाळ्यावर गव्हाणी घुबडाच्या जोडीने घरटे केले आहे. त्यांना त्रास न होता रात्री त्यांचे चित्रीकरण करावे, या हेतूने मी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा, अवरक्त प्रकाशही टिपणारा नोआयआर कॅमेरा घेतला. प्रकाशासाठी 850 नॅनोमीटर तरंगलांबीचे, 1 वॅटचे तीन अवरक्त एलईडी आणि 18650 जातीचा लिथियम-आयन सेल आणला. दुकानदाराने व्होल्टेज कमीजास्त करता येईल असे एक छोटे बूस्ट मॉड्यूल दिले. एलईडी जोडण्यापूर्वी मी त्याचा पितळी स्क्रू शेवटपर्यंत उलटा फिरवून व्होल्टेज कमीत कमी केले होते, तरीही जोडल्यावर काही क्षणांतच एलईडी जळाला. माझे काय चुकले, आणि आता कोणता ड्रायव्हर घ्यावा?

उत्तर : आपण स्क्रू आधीच मागे घेतलात, ही काळजी योग्यच होती. तरीही एलईडी जळाला, कारण ते मॉड्यूल दाब, म्हणजे व्होल्टेज, फक्त वाढवू शकते, कमी करू शकत नाही. बूस्ट सर्किटमध्ये सेलच्या धन टोकापासून एक कॉइल आणि त्यापुढे एक डायोड, अशी सरळ वाट थेट आउटपुटपर्यंत गेलेली असते. आतली चिप स्वस्थ बसली, तरी ही वाट उघडीच राहते. पूर्ण चार्ज केलेला सेल 4.2 व्होल्टचा असतो. डायोडवर त्यातले साधारण 0.3 व्होल्ट खर्ची पडले, तरी आपल्या एलईडीच्या वाट्याला 3.9 व्होल्ट येतात. त्याला प्रत्यक्षात हवे होते दीड व्होल्टच्या आसपास. मधे प्रवाह अडवणारे काहीच नसल्यामुळे सेलला जेवढा प्रवाह देता येईल तेवढा त्याने दिला. स्क्रू कुठेही असता तरी हेच झाले असते.

दुकानदाराने ते मॉड्यूल का दिले असावे, याचाही अंदाज येतो. बाजारात एलईडीसाठी म्हणून मिळणारे बहुतेक सगळे ड्रायव्हर पांढऱ्या एलईडीसाठी बनवलेले असतात, आणि पांढऱ्या एलईडीला 3 व्होल्टच्या वर दाब लागतो. अवरक्त एलईडीचे अर्धवाहक द्रव्यच निराळे असते. 850 नॅनोमीटरच्या साध्या एलईडीवर नेहमीच्या प्रवाहाला सुमारे 1.5 ते 1.6 व्होल्ट पडतात आणि 940 नॅनोमीटरच्या एलईडीवर सुमारे 1.3 ते 1.4 व्होल्ट. या आकड्याला डेटाशीटमध्ये, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकात, फॉरवर्ड व्होल्टेज म्हटलेले असते. अवरक्त विजेरीच्या ड्रायव्हरची सगळी निवड, सेलचा दाब आणि एलईडीचे हे फॉरवर्ड व्होल्टेज यांच्यातल्या फरकावर ठरते. म्हणून ड्रायव्हरच्या दुकानात जाण्याआधी हा फरक माहीत असला पाहिजे, असे मी आग्रहाने सांगेन.

फॉरवर्ड व्होल्टेज घरी मोजता येते, आणि आपल्याकडे अजून दोन एलईडी शिल्लक आहेत, तेव्हा ते मोजाच. मोबाइलचा 5 व्होल्टचा जुना चार्जर घ्या. 10 ओहमचा, 5 वॅटचा, पांढऱ्या सिरॅमिकच्या चौकोनी कांडीसारखा दिसणारा रेझिस्टर एलईडीच्या सिरीजमध्ये जोडा. एलईडी अॅल्युमिनियमच्या तुकड्यावर घट्ट बसवा, त्याचे तोंड भिंतीकडे करा आणि चार्जर सुरू करा. मल्टीमीटरच्या दोन सळ्या एलईडीच्या दोन टोकांना लावा. आकडा बहुधा 1.5 आणि 1.7 यांच्यामध्ये कुठेतरी येईल. समजा 1.6 आला, तर उरलेले 3.4 व्होल्ट रेझिस्टरवर पडले आणि 10 ओहममधून 0.34 अँपिअर प्रवाह गेला. एका मोजणीत दोन्ही गोष्टी कळल्या. पाचेक मिनिटांनी पुन्हा पाहा. एलईडी तापल्यावर आकडा किंचित खाली आलेला दिसेल. हे खाली येणे पुढे फार महत्त्वाचे ठरणार आहे. एक अपवाद लक्षात ठेवा. काही महागड्या अवरक्त एलईडींत एकाच चिपवर दोन प्रकाशणारे थर एकावर एक रचलेले असतात, आणि त्यांचा दाब 3 व्होल्टच्या जवळ जातो. आपला एलईडी तसा निघाला, तर पुढचे सगळे गणित बदलेल. म्हणून पाकिटावरच्या अक्षरांपेक्षा मल्टीमीटरवर विश्वास ठेवावा.

आता ड्रायव्हर. 18650 सेलवर चालणाऱ्या हातातल्या विजेरीसाठी माझी पसंती 7135 या क्रमांकाच्या छोट्या चिपला आहे. तिला तीन पाय असतात, ती नखाएवढीही नसते, आणि एकच काम इमानाने करते. आपल्यातून जाणारा प्रवाह ती 350 मिलिअँपिअरच्या आसपास स्थिर धरून ठेवते. जास्तीचा दाब ती स्वतःवर घेते आणि उष्णतेच्या रूपाने उडवते. अशा प्रकाराला लिनियर ड्रायव्हर म्हणतात. त्यात कॉइल नाही, डायोड नाही, स्क्रू फिरवणे नाही.

पण ही चिप आणि एकच एलईडी, अशी जोडणी मात्र करू नका. सेल 4.2 व्होल्टचा असताना एलईडी त्यातले 1.6 व्होल्ट घेईल आणि उरलेले 2.6 व्होल्ट चिपवर पडतील. 0.35 अँपिअरने गुणले, तर 0.9 वॅटहून अधिक उष्णता त्या इवल्याशा चिपमध्ये निर्माण होईल आणि बोट टेकवता येणार नाही इतकी ती तापेल. सेल 4 व्होल्टवर आला तरी त्यातून निघालेल्या ऊर्जेपैकी 40 टक्केच एलईडीपर्यंत पोहोचतील. दोन एलईडी एकापाठोपाठ एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडले, की चित्र पालटते. दोघांचे मिळून 3.2 व्होल्ट होतात, चिपवर जास्तीत जास्त 1 व्होल्ट राहतो, उष्णता 0.35 वॅटवर येते आणि 4 व्होल्टला कार्यक्षमता 80 टक्के होते. सेलमधून निघणारा प्रवाह दोन्ही जोडण्यांत तेवढाच, 350 मिलिअँपिअर. याचा अर्थ, दुसऱ्या एलईडीचा प्रकाश सेलवर जादा भार न टाकता मिळतो. पहिल्या जोडणीत जी ऊर्जा चिप तापवण्यात वाया जात होती, तीच इथे दुसरा एलईडी प्रकाशात बदलतो. आपल्याकडे दोनच एलईडी उरले आहेत आणि या सेलसाठी नेमके दोनच हवेत, ही जमेची बाजू.

जोडणी अशी करावी. सेलचे धन टोक स्विचमधून पहिल्या एलईडीच्या धन टोकाला जाईल. पहिल्याचे ऋण टोक दुसऱ्याच्या धन टोकाला, आणि दुसऱ्याचे ऋण टोक चिपच्या आउट या पायाला. चिपचा व्हीडीडी, म्हणजे तिला स्वतःला वीज पुरवणारा, पाय स्विचच्या पुढे धन तारेला आणि ग्राउंड सेलच्या ऋण टोकाला. चिप ऋण बाजूला बसते, ही गोष्ट पहिल्यांदा जोडणाऱ्याच्या हमखास नजरेतून सुटते.

सेल उतरत जाईल तसे काय होईल? या चिपला काम करायला स्वतःवर साधारण 0.12 व्होल्ट पुरतात. म्हणजे सेल 3.3 ते 3.4 व्होल्टपर्यंत उतरेपर्यंत प्रकाश एकसारखा राहील आणि तिथून पुढे हळूहळू मंद होत जाईल. 2600 मिलिअँपिअर-तासांचा सेल असेल, तर भागाकार करून सात तास येतात. त्यातला बराचसा काळ प्रकाश स्थिर मिळेल. याउलट सेल आणि दोन एलईडी यांच्यामध्ये नुसता 2.7 ओहमचा रेझिस्टर लावला, तर 4.2 व्होल्टला 370 मिलिअँपिअर जातील, पण 3.6 व्होल्टला जेमतेम 150 उरतील. सेलमध्ये अजून पुष्कळ ऊर्जा शिल्लक असतानाच चित्र अंधारात जाऊ लागेल आणि तो अंधार आपल्याला डोळ्यांनी दिसणारही नाही. सेल मात्र आत संरक्षक सर्किट असलेलाच घ्यावा. पांढरी विजेरी मंदावली की आपण ती बंद करतो. अवरक्त विजेरी मंदावल्याचे कळत नाही आणि साधा सेल गरजेपेक्षा खाली उतरून कायमचा खराब होतो.

रेझिस्टरला मी कमी लेखतो आहे असे समजू नये. आपला कॅमेरा ज्या 5 व्होल्टच्या अॅडाप्टरवर चालतो त्याच्यावरच दिवेही चालवायचे असतील, तर दोन एलईडी आणि 5.1 ओहमचा, 2 वॅटचा रेझिस्टर एवढे पुरे. तिथे दाब स्थिर असतो आणि रेझिस्टरवर 1.8 व्होल्ट पडतात. तापल्यामुळे दोन एलईडींचा दाब मिळून 0.2 व्होल्टने घसरला, तरी प्रवाह फार तर 40 मिलिअँपिअरने वाढेल. अशा वेळी चिपच्या मागे लागण्याची गरज नाही. फक्त अॅडाप्टर कॅमेऱ्याची गरज भागवून वर हे 350 मिलिअँपिअर देऊ शकेल एवढ्या क्षमतेचा असावा.

दुकानात आपल्याला आता दाब कमी करणारे, म्हणजे बक जातीचे मॉड्यूल सुचवले जाईल. त्यात दोन प्रकार आहेत आणि ते दिसायला जवळजवळ सारखे असतात. ज्यावर एकच स्क्रू आहे, ते फक्त दाब स्थिर ठेवते. ते एलईडीसाठी घेऊ नका, मग त्यावर आकडे दाखवणारा पडदा असला तरी. एलईडीचे वागणे असे, की दाब थोडासा वाढला तरी प्रवाह भराभर वाढतो. आपण थंड एलईडीवर 1.6 व्होल्ट मोजून तेवढाच दाब लावला, असे धरू. एलईडी तापू लागतो आणि दर अंशाला त्याची गरज सुमारे 1 ते 2 मिलिव्होल्टने कमी होते. तापमान 40 अंशांनी वाढले, की 1.6 व्होल्ट हे त्याच्यासाठी जास्त होतात. प्रवाह वाढतो, त्यामुळे तो आणखी तापतो, त्यामुळे प्रवाह आणखी वाढतो. ज्या मॉड्यूलवर दाबाचा आणि प्रवाहाचा असे वेगवेगळे स्क्रू असतात, ते मात्र चालेल. ते लावताना प्रवाहाचा स्क्रू आधी कमीत कमी करावा, दाब 4 व्होल्टच्या आसपास ठेवावा, मल्टीमीटर 10 अँपिअरच्या खुणेवर ठेवून त्याच्या सळ्या थेट आउटपुटला टेकवाव्यात आणि प्रवाह हळूहळू वाढवत 0.35 वर आणावा. एलईडी त्यानंतर जोडावा. एका सेलवरच्या विजेरीसाठी मात्र बकचा फायदा फारसा नाही, कारण दोन एलईडी लावल्यावर कमी करण्याजोगा दाबच उरत नाही. 12 व्होल्टच्या बॅटरीवर काम असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे पीटी 4115 ही चिप असलेला छोटा बोर्ड मी निःशंकपणे सुचवेन. ती 6 ते 30 व्होल्टवर चालते आणि तिचा प्रवाह एका रेझिस्टरने ठरतो. 0.1 व्होल्टला त्या रेझिस्टरच्या ओहमने भागायचे, म्हणजे 0.3 ओहमला सुमारे 330 मिलिअँपिअर. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असे तयार बोर्ड मिळतात. विकत घेताना बोर्ड कोणत्या प्रवाहासाठी बनवला आहे, हे त्यावरच्या रेझिस्टरचा आकडा वाचून तपासावे.

आता एक गोष्ट सांगतो, ती प्रत्येकाने वाचावी. पांढरा प्रखर दिवा समोर आला, की आपण डोळे मिटतो, मान फिरवतो आणि बाहुली आपोआप आकसते. अवरक्त प्रकाशाला यातली एकही प्रतिक्रिया होत नाही. 850 किंवा 940 नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याच्या भिंगातून थेट दृष्टिपटलापर्यंत पोहोचतो आणि अंधारात बाहुली मोठी उघडलेली असल्याने तो अधिकच आत जातो. दिव्यांच्या प्रकाशापासून डोळ्यांना असलेल्या धोक्यासाठी आयईसी 62471 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात 1000 सेकंदांहून अधिक काळ डोळ्यावर पडणाऱ्या अवरक्त प्रकाशाची मर्यादा दर चौरस मीटरला 100 वॅट धरली आहे. भिंगाशिवायचे आपले दोन एलईडी तीन मीटरवरून या मर्यादेच्या पुष्कळ खाली राहतील. पण विजेरी हातात घेऊन ती लागते की नाही, हे बघायला तोंडाशी धरली तर तसे म्हणता येणार नाही, आणि माणसे नेमके तेच करतात. विजेरी सुरू आहे का, हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहावे. पुष्कळ फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात अवरक्त प्रकाश जांभळट पांढरा दिसतो. टीव्हीचा रिमोट समोर धरून आपला फोन तो दाखवतो का, हे आधी पडताळून घ्या. याशिवाय स्विचच्या पुढे, 1 किलोओहमच्या रेझिस्टरसह एक छोटा लाल एलईडी विजेरीच्या मागच्या बाजूला बसवा. त्याला 2 मिलिअँपिअरच लागतात, आणि विजेरी चालू राहिल्याचे घरातल्या लहान मुलालाही कळते. घरट्याच्या बाजूने तो दिसणार नाही, एवढे पाहावे.

घुबडांसाठीही एक विनंती. प्रकाशाचा झोत थेट घरट्यावर न सोडता वरच्या कौलांकडे वळवा. कौलांवरून परतलेला प्रकाश सौम्य आणि पसरट असतो, त्यामुळे पिलांच्या पांढऱ्या पिसांवर चित्र उजळून जाणार नाही. 850 नॅनोमीटरचा एलईडी अंधारात सरळ पाहिला, तर मंद लाल ठिपका दिसतो. तो पाखरांच्या समोर राहणार नाही, हाही यातला फायदा. सगळे सामान दिवसा, पालक पक्षी स्थिर असताना, एकाच फेरीत लावून व्हावे.

प्रश्न : मी सांगलीत अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अंगणातल्या हालचाली टिपण्यासाठी 940 नॅनोमीटरचे, 5 मिलिमीटर आकाराचे बारा एलईडी मी समांतर जोडले आणि सगळ्यांना मिळून एक रेझिस्टर लावून 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालवले. आठवडाभरात चार एलईडी गेले. ड्रायव्हर म्हणून दोन ट्रान्झिस्टरचे स्थिर प्रवाहाचे सर्किट वापरले तर हा दोष जाईल का?

उत्तर : जाणार नाही, कारण दोष ड्रायव्हरमध्ये नसून मांडणीत आहे. एकाच पाकिटातल्या दोन एलईडींचे फॉरवर्ड व्होल्टेजही तंतोतंत सारखे नसते. समांतर जोडले, की ज्याला सर्वांत कमी दाब पुरतो तो जास्तीचा प्रवाह ओढतो, तापतो, आणखी कमी दाबावर येतो आणि शेवटी जातो. मग त्याच्या वाट्याचा प्रवाह उरलेल्यांवर पडतो आणि पुढच्याची पाळी येते. आपले चार एलईडी या क्रमानेच गेले असणार. बारांच्या मिळून प्रवाहाला एक उत्तम ड्रायव्हर लावला, तरी त्यांच्या आपापसातल्या वाटणीवर त्याचा काहीच ताबा राहत नाही.

सहा-सहांच्या दोन ओळी करा आणि प्रत्येक ओळीत सहा एलईडी सिरीजमध्ये घ्या. या जातीच्या चांगल्या एलईडीवर 100 मिलिअँपिअरला सुमारे 1.35 व्होल्ट पडतात, म्हणजे ओळीचे 8.1 व्होल्ट झाले. बॅटरी 12 व्होल्टची म्हणतात, पण लेड-अॅसिड बॅटरी भरलेली असताना 12.7 व्होल्टच्या आसपास असते आणि चार्जर लागलेला असताना 13.8 व्होल्टपर्यंत जाते. हिशेब त्या वरच्या आकड्याला धरूनच करावा. 47 ओहमचा रेझिस्टर लावला, तर 12 व्होल्टला 83 मिलिअँपिअर जातात आणि सगळे ठीक वाटते. 13.8 व्होल्टला मात्र तेच 121 होतात आणि 100 ची मर्यादा ओलांडतात. म्हणून प्रत्येक ओळीला स्वतंत्र 68 ओहमचा, 1 वॅटचा रेझिस्टर लावा. मग 12.6 व्होल्टला 66 आणि 13.8 ला 84 मिलिअँपिअर मिळतील. प्रकाश किंचित कमी, पण एलईडी टिकतील.

दोन ट्रान्झिस्टरचे सर्किट तरीही करून पाहावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण स्थिर प्रवाह म्हणजे काय हे त्यातून जितके कळते तितके तयार चिपमधून कळत नाही. आयआरएलझेड 44 एन या मॉसफेट जातीच्या ट्रान्झिस्टरचा ड्रेन एलईडीच्या ओळीच्या ऋण टोकाला जोडा. सोर्स आणि ऋण तार यांच्यामध्ये मोजणीचा रेझिस्टर घाला. बीसी 547 या साध्या ट्रान्झिस्टरचा बेस सोर्सला, एमिटर ऋण तारेला आणि कलेक्टर मॉसफेटच्या गेटला जोडा, आणि गेटपासून धन तारेपर्यंत 10 किलोओहमचा रेझिस्टर द्या. मोजणीच्या रेझिस्टरवर सुमारे 0.6 व्होल्ट पडले, की बीसी 547 वाहू लागतो, गेटचा दाब खाली ओढतो आणि प्रवाह तिथेच थांबतो. 0.6 ला ओहमने भागले की प्रवाह मिळाला. 8.2 ओहमला सुमारे 73 मिलिअँपिअर होतात. गंमत अशी, की बीसी 547 तापला तर त्याची 0.6 व्होल्टची गरजही थोडी उतरते आणि प्रवाह आपोआप किंचित कमी होतो. एलईडीच्या बाजूने पाहता ही उणीव नसून सोय आहे. अशी दोन सर्किटे, प्रत्येक ओळीला एक, करावी लागतील. एकच करून दोन्ही ओळी त्यावर टांगल्या, तर वाटणीचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहील.

हे सर्किट 18650 च्या एका सेलवर दोन मोठ्या एलईडींसाठी मात्र चालत नाही. दोघांचे 3.2 आणि मोजणीचे 0.6 मिळून 3.8 व्होल्ट होतात आणि सेल अर्धा उतरण्याआधीच स्थिरता संपते. वर शिक्षक महोदयांना मी हे न सुचवता 7135 का सुचवली, याचे कारण तेच.

कॅमेऱ्याविषयी एक वाक्य. सिलिकॉनच्या सेन्सरला 940 नॅनोमीटरचा प्रकाश 850 च्या तुलनेत साधारण निम्मा किंवा त्याहून कमीच जाणवतो. 940 चा लाल ठिपका डोळ्यांना दिसत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. पण चित्र काळोखे आले तर दोष सर्किटला देऊ नये आणि एलईडींचा प्रवाह तर मुळीच वाढवू नये. एलईडीची संख्या वाढवावी.

प्रश्न : माझ्या अवरक्त विजेरीत मी पांढऱ्या टॉर्चमधला तीन पातळ्यांचा ड्रायव्हर बसवला आहे. पूर्ण प्रकाशाला चित्रफीत स्वच्छ येते, पण मध्यम आणि कमी पातळीवर चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसतात. कॅमेरा बदलावा का?

उत्तर : कॅमेरा बदलू नका. अशा ड्रायव्हरमध्ये कमी पातळी म्हणजे कमी प्रवाह नसतो. एलईडी पूर्ण प्रवाहानेच, पण सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा चालू-बंद केला जातो, आणि डोळ्याला त्याची सरासरी दिसते. आपला कॅमेरा चित्र एकदम न टिपता वरून खाली एकेक ओळ टिपत जातो. काही ओळींच्या वाट्याला चालू एलईडी येतो, काहींच्या वाट्याला बंद, आणि त्याचे पट्टे होतात. पूर्ण पातळीवर एलईडी बंदच होत नाही, म्हणून पट्टेही नाहीत. पांढऱ्या टॉर्चमध्ये हात हलवून हे लुकलुकणे डोळ्यांनी पकडता येते. अवरक्त विजेरीत ते चित्रफितीतच पहिल्यांदा दिसते.

या ड्रायव्हरवर 7135 च्या एकापेक्षा जास्त चिप्स असतील आणि त्यांना चालू-बंद करणारी एक आठ पायांची चिप असेल. आठ पायांची चिप काढून टाका, आणि 7135 च्या प्रत्येक चिपचा व्हीडीडी पाय वेगळा करून छोट्या स्विचमधून सरळ धन तारेला जोडा. हा पाय वेगळा करताना बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक कापावा लागेल, तेव्हा धारदार ब्लेड आणि भिंग जवळ ठेवा. एक चिप चालू केली की 350 मिलिअँपिअर, दोन केल्या की 700, अशा पायऱ्या मिळतील आणि प्रत्येक पायरीवर प्रवाह अखंड असेल. दोन चिप्सचा प्रवाह आपल्या एलईडीला झेपतो का, हे डेटाशीटमध्ये आधी पाहावे. डेटाशीट नसेल तर 350 च्या वर जाऊ नये. त्याहून कमी प्रकाश हवा असेल, तर एक चिप काढून तिच्या जागी रेझिस्टरची वाट ठेवावी. 3.8 व्होल्टचा सेल आणि सिरीजमधले दोन एलईडी धरले, तर कमी प्रवाहाला त्यांचा मिळून दाब 2.9 व्होल्टच्या जवळ असेल आणि 15 ओहममधून 60 मिलिअँपिअर जातील. घरट्यापासून हातभर अंतरावर ठेवलेल्या कॅमेऱ्याला तेवढा प्रकाश बहुधा पुरतो.